चाळीस पानांचा ताप

वाचकाचं पत्र

डॉक्टर, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ज्युनियर केजीत जातो. दिवाळीपासून त्याला दर काही आठवड्यांनी ताप येतोय. चार-पाच दिवस राहतो, जातो, आणि पोरगा पुन्हा सोफ्यावरून उड्या मारायला मोकळा. पहिल्या दोन वेळा मी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या वेळेपासून लिहायला लागले. मी आयटीत आहे, सवयीने एक्सेल उघडलं. दर तासाचा ताप, काय खाल्लं, किती प्यायला, शी-शू, झोप, औषध, सगळं. रात्री अलार्म लावून उठते. मागच्या महिन्यात त्याची प्रिंट काढून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेली, चाळीस पानं झाली होती. त्यांनी गठ्ठा हातात घेतला, टेबलावर बाजूला ठेवला आणि विचारलं, “याच्या आधीचा ताप कधी आला होता?” मला चटकन सांगता येईना. पानं उलटत बसले. बाहेर वेटिंगमध्ये ही गर्दी. शेवटी त्यांनी औषध लिहून दिलं आणि पुढच्या महिन्यात एका मोठ्या डॉक्टरांना दाखवून या म्हणाले.

घरात आणखी वेगळंच. सासूबाई म्हणतात, “सारखं लिहून लिहून पोराला आजारी पाडशील.” नवरा म्हणतो, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं आहेच की, वेगळं कशाला लिहायचं? मी खरंच वेडेपणा करतेय का? आणि मोठ्या डॉक्टरांकडे जाताना नेमकं काय न्यायचं?

– एक आई, धायरी, पुणे

उत्तर

प्रिय ताई,

वेडेपणा अजिबात नाही. दिवाळीपासून पोराला पुन्हा पुन्हा ताप येतोय म्हटल्यावर लिहून ठेवावंसं वाटणं साहजिक आहे. उलट “येतो अधूनमधून, जातो आपोआप” असं म्हणून वर्ष काढणारे आई-बाप मी जास्त पाहिलेत. पण तुमच्या डॉक्टरांचा प्रश्न पुन्हा एकदा वाचा. त्यांनी ताप किती होता हे विचारलंच नाही, कधी होता हे विचारलं. तुमच्या चाळीस पानांत त्याचं उत्तर होतं, फक्त ते सापडायला चाळीस पानं उलटावी लागत होती.

तेव्हा आधी एक्सेल बाजूला ठेवा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयकडे जा. तुमच्याकडेही त्यावर गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, दुधाचे खाडे आणि मावशींच्या सुट्ट्या लिहिलेल्या असणार. त्याच चौकटींत लाल पेनने ताप आला त्या दिवशी गोल करा, आणि पूर्ण चोवीस तास ताप नव्हता असा जो पहिला दिवस असेल त्यावर फुली मारा. दिवाळीपासूनचे सगळे ताप असे मागे जाऊन भरा. तारखा तुमच्या एक्सेलमध्ये आहेतच. नसतील त्या औषधांच्या बिलांवर, केजीच्या हजेरीत, ऑफिसला टाकलेल्या रजेत सापडतील. आईच्या रजांचा तक्ता म्हणजे बहुतेक वेळा मुलाच्या आजारांचा तक्ताच असतो.

आता एका गोलापासून पुढच्या गोलापर्यंतचे दिवस मोजा. ताप गेल्यापासून मोजू नका, आल्यापासून पुढचा येईपर्यंत मोजा. इथे दोन चित्रं दिसू शकतात. समजा, गोल असे आले: १४ नोव्हेंबर, २९ नोव्हेंबर, २० जानेवारी, ३ फेब्रुवारी. म्हणजे मध्ये १५ दिवस, मग ५२, मग १४. याला काही ताल नाही. सोबत कधी नाक गळतंय, कधी खोकला, एकदा जुलाब, आणि वर्गातली आणखी चार पोरंही त्याच आठवड्यात घरी. हे केजीत जाणाऱ्या मुलाचं नेहमीचं चित्र आहे. या वयात वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-ताप होणं अगदी सर्रास चालतं, आणि त्यातले बरेचसे पावसाळ्यात आणि थंडीत गोळा होतात. आईला वाटतं पोरगा सदान्‌कदा आजारी, आणि तिचं वाटणं चूकही नसतं.

दुसरं चित्र असं: १४ नोव्हेंबर, ११ डिसेंबर, ९ जानेवारी, ५ फेब्रुवारी. मध्ये २७, २९, २७ दिवस. दर वेळी ताप एकदम चढतो, चार-पाच दिवस राहतो, घसा लाल, मानेच्या गाठी सुजलेल्या, कधी तोंडात छाले. नाक वाहत नाही, घरात दुसऱ्या कुणाला काही नाही. मधल्या दिवसांत मूल ठणठणीत, वजन-उंची नीट वाढतेय. असा कागद समोर आला की बालरोगतज्ज्ञ खुर्चीत सरसावून बसतो. ठरावीक अंतराने येणाऱ्या तापाचे काही आजार आहेत. त्यातला लहान मुलांत सर्वांत जास्त दिसणारा म्हणजे ‘पीएफएपीए’ (ठरावीक अंतराने ताप, तोंडात छाले, घशाची सूज आणि मानेच्या गाठी यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं). नाव अवघड असलं तरी आजार सहसा घाबरवणारा नसतो, आणि मूल मोठं होईल तसा बहुतेक वेळा आपोआप थांबतो. १९८७ मध्ये त्याचं पहिल्यांदा वर्णन झालं, आणि अजूनही त्याचं पक्कं निदान करणारी एकही रक्ततपासणी नाही. बाकीच्या शक्यता बाजूला काढायला तपासण्या करतात, पण संशय येतो तो तारखांवरून. तिथे आईचं कॅलेंडर हाच रिपोर्ट.

तुमच्या मुलाला हेच आहे असं मी म्हणत नाहीये. पत्र वाचून निदान करणाऱ्या डॉक्टरांपासून लांबच राहावं, त्यात मीही आले. सांगायचं एवढंच की या दोन चित्रांतला फरक डॉक्टरांना स्टेथोस्कोप लावून कळत नाही. ते ज्या दिवशी मुलाला बघतात त्या दिवशी दोन्हीकडे सारखंच दिसतं: ताप आणि लाल घसा.

तारखांचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बहुतेक घरांत ताप आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक सुरू होतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताप जातो. मग सगळे म्हणतात, ते गुलाबी औषध लागू पडतं बरं का आमच्या बाळाला. पुढच्या वेळी आई स्वतःच मागते, “डॉक्टर, तेच द्या.” आता कागद बघा. एका वेळी अँटिबायोटिक पहिल्याच दिवशी सुरू झालं, ताप पाचव्या दिवशी गेला. एका वेळी तिसऱ्या दिवशी सुरू झालं, ताप पाचव्या दिवशीच गेला. एका वेळी गावाला होतात, दिलंच नाही, तरीही पाचव्या दिवशी गेला. मग औषधाने नेमकं काय केलं? हा प्रश्न फक्त असा कागदच विचारू शकतो. म्हणून प्रत्येक तापासमोर अँटिबायोटिकचं नाव आणि ते तापाच्या कितव्या दिवशी सुरू केलं, एवढं लिहाच. “गुलाबी औषध” चालणार नाही. लेबलचा फोटो काढून ठेवा.

तसंच रक्ताच्या रिपोर्टचं. प्रत्येक सीबीसीवर तारीख छापलेली असते, पण तो दिवस तापाचा कितवा होता हे लॅबला माहीत नसतं. ते तुम्ही पेनने कोपऱ्यात लिहा: “तापाचा दुसरा दिवस” किंवा “ताप जाऊन दहा दिवस, मूल बरं असताना”. पांढऱ्या पेशी ताप चढलेला असताना किती होत्या आणि मूल बरं असताना किती, या तुलनेत बरंच काही दडलेलं असतं. काही मुलांत एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी साधारण दर २१ दिवसांनी तळाला जातात आणि ताप येतो. तो आजार दुर्मीळ आहे, पण तो पकडायला डॉक्टर सहा आठवडे पुन्हा पुन्हा रक्त तपासायला लावतात. तेव्हा बरं असताना काढलेला रिपोर्ट “नॉर्मल आहे” म्हणून टाकून देऊ नका. डॉक्टरांना तोच हवा असतो.

पावसाळ्यात तर दिवसांची मोजणी आणखी कामाची. डेंग्यूची एनएस१ चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी, अँटिबॉडीची त्यानंतर. आणि डेंग्यूत धोक्याची वेळ बऱ्याचदा ताप उतरताना येते, घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकलेला असतो तेव्हा. त्यामुळे “तीन-चार दिवस झाले असतील” यापेक्षा “सोमवारी रात्री नऊला पहिल्यांदा अंग गरम लागलं” हे उत्तर कितीतरी मोलाचं.

आता तुमच्या दर तासाच्या तापाबद्दल. हे बंद करा. दिवसातून तीन-चार वेळा बघा: सकाळी, दुपारी, संध्याकाळी, झोपताना. शिवाय औषध द्यायच्या आधी एकदा आणि दिल्यावर दीड-दोन तासांनी एकदा. झोपलेल्या मुलाला मोजण्यासाठी उठवू नका. शांत झोपलाय, श्वास नीट चाललाय, एवढं अंधारातही कळतं. अलार्म बंद करा, झोपा. एका तापात दर तासाचे शंभर आकडे असले तरी मी त्यातले दोनच बघते: सर्वांत वरचा कितीपर्यंत गेला, आणि औषधाशिवाय तो कधी खाली आला.

आकडा जसा दिसला तसाच लिहा, आणि कुठे मोजला तेही: “काखेत, १०१.४”. काखेतला ताप आतल्या तापापेक्षा अर्धा ते एक अंश कमी दिसतो. म्हणून कित्येक घरांत एक अंश मिळवून लिहायची पद्धत आहे. मग आईने मिळवलेला एक, डॉक्टरांनी मनातल्या मनात मिळवलेला आणखी एक, असं करत १०१ चा १०३ होतो. मिळवायचं काम डॉक्टरांवर सोडा. कपाळावर धरायच्या मशीनने मोजला असेल तर तसं लिहा. आणि थर्मामीटर लावलाच नसेल तर “अंग चटका बसण्याइतकं गरम, हातपाय गार” हेही चालतं. “कणकण” लिहिलंत तरी मला कळतं. खोटा आकडा मात्र नको.

औषधाच्या नोंदीबाबत मात्र मी कडक आहे. “पाच एमएल दिलं” याला अर्थच नाही, कारण पॅरासिटामॉलचं सिरप आपल्याकडे वेगवेगळ्या ताकदीत मिळतं. एका बाटलीत पाच एमएलमध्ये १२० मिलिग्रॅम असतं, दुसरीत पाच एमएलमध्ये २५०. लहान बाळांचे ड्रॉप्स आणखी कडक, एका एमएलमध्येच १००. तुमचा मुलगा साधारण १५ किलोचा धरू. एका वेळचा डोस दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे त्याला १५० ते २२५. १२० च्या बाटलीतून साडेसात एमएल दिलं तर १८० मिलिग्रॅम झाले, ठीक. तेवढंच साडेसात एमएल २५० च्या बाटलीतून गेलं तर ३७५. झाकण तेच, रंगही बहुधा तोच, आणि डोस दुपटीहून जास्त. हा हिशोब तुम्ही स्वतः डोस ठरवावा म्हणून दिलेला नाही. तो डॉक्टरांनी वजन बघून लिहून दिलेलाच पाळा. पण बाटली बदलली की एमएल बदलतं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे. म्हणून फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि त्यावर चारच गोष्टी लिहा: वेळ, औषधाचं नाव ताकदीसकट, किती एमएल, कुणी दिलं.

“कुणी दिलं” हा शेवटचा रकाना फालतू वाटेल. दोघं नोकरी करणाऱ्या घरात तोच सर्वांत कामाचा. दुपारी साडेतीनला आजी देते, कारण अंग तापलेलं असतं. साडेचारला बाबा फोनवरून “औषध दिलं का?” विचारतो, तोवर आजी डुलकी काढत असते, मावशी “माहीत नाही” म्हणतात. साडेपाचला आई घरी येऊन कपाळाला हात लावते आणि पुन्हा देते. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत किमान चार ते सहा तास हवेत, आणि जास्त झालं तर ते यकृतावर येतं. त्यात सर्दीच्या काही सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतंच. ते लेबलावर बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि आजीचा चष्मा टीव्हीवर असतो. तेव्हा पुढच्या तापाला एक्सेलऐवजी हा फ्रिजवरचा कागद तयार ठेवा. त्याला स्केचपेन दोऱ्याने बांधून ठेवा, नाहीतर पेन शोधण्यातच नोंद राहते.

आता सासूबाईंबद्दल. लिहिल्याने पोरं आजारी पडत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे आणि खरं तर त्यांनाही. पण त्यांच्या बोलण्यातला निम्मा भाग मला पटतो. तासा-तासाला काखेत थर्मामीटर खुपसणारी, रात्री टॉर्च मारून बघणारी, हातात कायम मोबाइल धरलेली आई साडेचार वर्षांच्या मुलाला दिसते. मग “माझं डोकं दुखतंय, लिही” असं म्हणायला ती पोरं फार लवकर शिकतात. नोंद त्याच्यासमोर करू नका. आणि जेवताना “किती घास खाल्लेस?” हे तर अजिबात नको.

सासूबाईंना बाजूला न ठेवता कामाला लावा. दिवसभर मूल त्यांच्याजवळ असतं. ज्या गोष्टी मला खरोखर हव्या असतात त्या त्यांनाच दिसतात आणि त्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. ताप १०२ असताना तो काय करत होता? कार्टून बघत लोळत होता, की नुसता पडून होता? ताप उतरला की खेळायला लागत होता का? वरणभात नको म्हणाला पण पेज-लिंबूसरबत घेतलं, की पाणीसुद्धा ढकललं? शू किती वेळा केली? सकाळपासून दुपारपर्यंत एकदाही झाली नसेल तर ते मला आकड्यांआधी ऐकायचंय. संध्याकाळी त्यांना दोन वाक्यं सांगायला लावा आणि तुम्ही त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. “मलूल होता, पण आजोबांच्या टोपीशी खेळला.” या एका वाक्यावरून मला जेवढं कळतं तेवढं चोवीस आकड्यांवरून कळत नाही. शिवाय लिहिणं हा त्यांचाही उद्योग झाला की तक्रार आपोआप कमी होते. तो फायदा वेगळाच.

नवऱ्याचं व्हॉट्सअ‍ॅप. सगळं तिथे आहे हे खरंय, आणि तिथेच आहे हीच अडचण आहे. परवाच्या पुरळाचा फोटो, त्यावर मामांचा गुड मॉर्निंग, त्यावर सोसायटीच्या पाण्याचा मेसेज. डॉक्टरांसमोर फोन हातात घेऊन वर वर सरकवत बसायचं, आणि तेवढ्यात आपला नंबर संपतो. पण फोटो-व्हिडिओ काढायची कल्पना उत्तम आहे, ती नवऱ्याकडेच सोपवा. गॅलरीत मुलाच्या नावाने वेगळा अल्बम करायचा, फोटोंवर तारीख-वेळ फोन स्वतःच नोंदवतो. पुरळ दिवसाउजेडात काढा, एक जवळून आणि एक लांबून, म्हणजे अंगावर कुठे आहे ते कळतं. तोंडातले छाले दिसले की लगेच काढा, दोन दिवसांनी ते गायब होतात. धाप लागल्यासारखं वाटलं तर शर्ट काढून छाती-पोटाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, बोलू नका, आवाज येऊ द्या. श्वास मात्र मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचे. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद, त्याच दिवशी दाखवायचं. आणि तापात झटका आला, तर आधी मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, कांदा-चप्पल काही हुंगवू नका. घड्याळ बघा. दुसरं कुणी हाताशी असेल तर त्याने व्हिडिओ काढावा, एकटे असाल तर नको. पाच मिनिटांवर गेला तर काहीही न लिहिता थेट हॉस्पिटल.

धायरीचं पत्र आहे म्हणून एक रकाना मुद्दाम सुचवते. जानेवारी २०२५ मध्ये तुमच्याच सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण सापडायला लागले तेव्हा हातापायांतली ताकद गेलेल्या प्रत्येक माणसाला पहिला प्रश्न हाच असायचा: गेल्या काही आठवड्यांत जुलाब झाले होते का, आणि पाणी कुठलं पीत होता? किती जणांना ते धड आठवत होतं? म्हणून कालनिर्णयवर एक बारीक खूण जुलाबांसाठी, आणि टँकरचं पाणी आलं किंवा गावाला, लग्नाला बाहेर खाल्लं तर तेही. दोन शब्द पुरे. पुण्यातल्या मुलाला खोकल्याचा त्रास असेल तर दिवाळीचे फटाके, शेजारचं बांधकाम आणि मोकळ्या प्लॉटवरचं गाजरगवत यांचीही अशीच खूण करावी. हे गवत देशात पहिल्यांदा नोंदलं गेलं तेही आपल्या पुण्यातच, १९५० च्या दशकात, आणि तेव्हापासून आपण ते प्रेमाने वाढवतोय. तुम्ही खोकल्याचं काही लिहिलेलं नाही, म्हणून यात शिरत नाही.

आता मोठ्या डॉक्टरांकडे काय न्यायचं. एक कागद. पाठपोट नाही, एकाच बाजूचा. वर मुलाचं नाव, जन्मतारीख, आजचं वजन. खाली प्रत्येक तापाची एक ओळ. ती कशी असावी ते दाखवते:

“९ जानेवारी रात्री सुरू, १३ ला सकाळी गेला. सर्वांत जास्त १०३.२, काखेत. घसा लाल, मानेत गाठी, छाले १० तारखेला (फोटो आहे). सर्दी-खोकला नाही. घरात आणखी कुणी आजारी नाही. अँटिबायोटिक ११ ला सुरू. सीबीसी ११ ला. मागच्या तापापासून २९ दिवस.”

अशा पाच-सहा ओळी. चाळीस पानं पिशवीत असू द्या, त्यांनी काही विचारलं तर काढता येतील. दर तासाचे आकडे लिहिलेत म्हणूनच ही ओळ तुम्हाला आता नेमकी लिहिता येतेय, तेव्हा केलेली मेहनत फुकट गेलेली नाही. सोबत जुने रिपोर्ट जुन्यापासून नव्यापर्यंत लावून, लसीकरणाचं कार्ड, आणि आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी. मेडिकलच्या बिलांचा कागद गुळगुळीत असेल तर त्यावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, त्यांचे आत्ताच फोटो काढा. जन्मापासूनच्या वजन-उंचीच्या नोंदी लसीच्या कार्डावर किंवा जुन्या केसपेपरांवर विखुरलेल्या असतात, त्या एका जागी उतरवा. ताप येऊनही मूल वाढतंय की वजन अडलंय, यावर पुढच्या तपासण्यांची दिशा ठरते, आणि नेमकं हेच कुणी आणत नाही. मागच्या पाच तापांचा आकडा तोंडपाठ असलेल्या आईला मागच्या वर्षीचं वजन विचारलं की ती नवऱ्याकडे बघते, नवरा छताकडे.

आत गेल्यावर पहिलं वाक्य कागदावरून नको, तोंडाने सांगा: “दिवाळीपासून इतक्या वेळा ताप आला, मधलं अंतर इतकं इतकं, मध्ये पूर्ण बरा असतो.” मग कागद पुढे करा. “इंटरनेटवर वाचलं”, “पीएफएपीए आहे का?” असं सुरुवातीला म्हणू नका. तुम्हाला विचारायचा पूर्ण हक्क आहे, पण आजाराचं नाव आधी आलं की समोरच्या माणसाचं लक्ष ते खोडण्यात किंवा मान्य करण्यात जातं. तारखा त्यांना स्वतः वाचू द्या.

आणि हे सगळं लिहिणं ज्या वेळी बाजूला ठेवायचं तेही सांगते. मूल उठवूनही नीट उठत नाही, मान ताठ झालीय, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातायत, ओठ निळसर, अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके, सात-आठ तास शू नाही, किंवा नुसतं बघूनच आईचं मन म्हणतंय की या वेळी वेगळं आहे. अशा वेळी पेन शोधायचं नाही, चपला शोधायच्या. वेळ काय होती ते रिक्षात बसल्यावर आठवेल.

मोठ्या डॉक्टरांकडून निघण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. पुढचा ताप आला तर पहिल्याच दिवशी दाखवायचं की थांबायचं? रक्त काढायचं असेल तर तापाच्या कितव्या दिवशी? आणि आणखी किती ताप लिहीत राहायचं? तिसऱ्याचं उत्तर ते “पुढचे तीन-चार” असं काहीतरी देतील, मग तेवढेच लिहा. उत्तरं तिथल्या तिथे त्याच कागदाच्या मागे उतरवा, नवऱ्यासमोर वाचून दाखवा आणि मगच बाहेर पडा. सिंहगड रस्त्याच्या ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत एकाच डॉक्टरने दोघांना दोन वेगळ्या गोष्टी सांगितलेल्या असतात.